मागच्या रांगेतलं शहाळं

जे. पी. नगरच्या आमच्या फुटबॉलच्या मैदानाबाहेर एक शहाळेवाला असतो. खेळ रंगला की त्याचा कोयता हवेतच थांबतो.

त्या रविवारी समोर लीगमधला तळाचा संघ होता. तरीही मी, कर्णधार, हरायच्या धसक्याने पाच जण बचावाला ठेवले होते. मध्यंतरापर्यंत गोल नाही. पाणी प्यायला गेलो, तर शहाळेवाल्याने गाडीवर अकरा शहाळी आमच्या संघाच्या रचनेसारखीच मांडलेली. मागच्या पाचांतलं मधलं उचलून त्याने पुढे ठेवलं.

"अण्णा, ते लोकच भिऊन मागं बसलेत. हा कुणाला अडवायला उभा आहे?"

तो मधला मीच होतो. चाळिशी लागल्यापासून तिथेच उभा असायचो.

उत्तरार्धात पुढे गेलो. गोल दुसऱ्याने केला, पण समोरच्या गोलरक्षकाचा चेहरा कित्येक वर्षांनी मला जवळून दिसला, तो त्या शहाळेवाल्यामुळे.