चालून न पाहिलेली फरशी

फरशीमिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत. माणूसच तसा. स्वतः रेषेबाहेर जायचा नाही आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचा नाही. खानावळींची स्वयंपाकघरं हा त्याचा प्रांत. फरशी बसली की तिच्यावर तेल आणि साबणाचं पाणी ओतायचं, चपला काढायच्या, काठोकाठ भरलेलं पातेलं उचलायचं आणि शेगडीपासून मोरीपर्यंत चालायचं. थेंब सांडला तर फरशी उखडायची. लोक हसत, पण काम त्यालाच देत.

वसतिगृहाच्या खानावळीचं काम वहिनीमुळे आलं. थोरला भाऊ गेल्यापासून ती तिथे स्वयंपाक करून दोन पोरींना वाढवत होती. मालकाला हवी होती पांढरीशुभ्र, चकचकीत फरशी.

"अहो, स्वयंपाकघर आहे, आरसेमहाल नव्हे!" ओळंबा म्हणाला. "खरबरीत घ्या. सांधे पक्के भरतो, घाण साचणार नाही आणि पायही घसरणार नाही."

"तपासायला येणाऱ्या साहेबांना चकाकीच दिसते," मालक म्हणाला.

वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, नका ताणू. माझी नोकरी आहे इथे."

झालं! जन्मात कुणाचं न ऐकणारा माणूस तिथे गप्प बसला. मालक म्हणाला ती फरशी त्याने घातली आणि चालून बघायच्या वेळी हत्यारं गोळा करून घरी गेला. चाललो तर काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच चालला नाही. शहाणाही कधीकधी असं शेण खातो.

महिन्याच्या आत वहिनी उकळत्या पाण्याच्या पातेल्यासकट घसरली. पाय मांडीपर्यंत भाजला. मालकाने तिच्या झिजलेल्या चपलेवर खापर फोडलं आणि दुसरी बाई शोधायला लागला.

दवाखान्यात ओळंबा खाटेशेजारी मान खाली घालून बसला.

"माझंच चुकलं," वहिनी म्हणाली. "चप्पल बदलायला हवी होती. फरशीचा दोष कसा असेल? तुम्ही चालून बघितली होतीत ना?"

हो म्हणून टाकणं किती सोपं होतं!

"नाही वहिनी. नव्हतो चाललो."

"बाकीच्या बाया भिंत धरून चालायच्या हो," ती म्हणाली. "मी त्यांना हसायचे. म्हणायचे, घाबरता काय, माझ्या दिराने घातलीय."

ओळंबा उठला. दोष चपलेचा नाही, माझा आहे, हे मालकाला सांगायचं होतं आणि फरशी आपल्या हातांनी उखडायची होती. दारात तो क्षणभर थांबला. वहिनीने हाक मारली नाही.