जोरात ढकल, इरा!

मुलाकडे परदेशात राहायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. माझी पंधरा वर्षांची नात इरा रविवारी आइस हॉकीच्या मैदानावर मदतीला जायची. ज्यांचे पाय चालत नाहीत, ते तिथे बर्फावर घसरणाऱ्या बैठ्या गाडीत बसून खेळतात. हातांतही बळ नसेल, तर इरासारखी मुलं ती गाडी मागून ढकलतात.

एकदा मीही गेले आणि शाल गुंडाळून काचेमागे बसले. इराच्या गाडीत मार्था नावाच्या चाळिशीच्या बाई होत्या. त्यांना पट्ट्यांनी बांधताना पाहूनच मला गलबलून आलं. बाई मात्र सारख्या ओरडत होत्या, "जोरात, इरा! अजून जोरात!"

वळणावर गाडी कलंडली आणि दोघी आडव्या झाल्या. मी ताडकन उठले. "अगं, आधी त्यांना उचल!" पाहते तर बाई खदखदून हसत होत्या, आणि रडत होती ती इरा. ती जवळ सरकली, तशी बाईंनीच तिची समजूत घातली.

घरी येताना मी विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या?"

"म्हणाल्या, रडतेस काय? किती वर्षांनी कुणी मला पडू दिलं!"

पोरं पडू नयेत म्हणून मी जन्मभर त्यांची बोटं धरली, देवाकडेही तेच मागितलं. पडू देणं ही कसली मदत? पण बाईंचं हसू तर खरं होतं.

"पुढच्या रविवारी येशील, आजी?"

"येईन. पण घाबरायचं कधी आणि हसायचं कधी, ते तू सांग."

कोपर चोळत इरा म्हणाली, "मला तरी कुठे कळतंय!"