अखंड दाखवा, नाहीतर राहू द्या

पुण्याहून साताऱ्याच्या एसटीत बसले तेव्हा पिशवीत माझा माहितीपट होता आणि अंगात भांडायची खुमखुमी. माहितीपट सांगलीजवळच्या हरिपुरातल्या हळदीच्या पेवांवर (जमिनीखालची कोठारे) आहे. कॉलेजांच्या ग्रंथालयांना तो वर्गात दाखवण्याचा परवाना विकायला मी निघाले होते. अट एकच, चित्रपट अखंड दाखवायचा. चित्रीकरणाच्या काळातच पेवातल्या विषारी हवेने भाऊ गेलेली शांताक्का त्यात रडते. तिचे रडणे तोडून कुठे चिकटवू देणार नाही, असा शब्द मी तिला दिला होता.

साताऱ्यात ग्रंथपाल बाईंनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "तीन कोटेशनं लागतात. तुमचं एक झालं, आणखी दोन आणा."

"अहो, हा चित्रपट मी एकटीनेच केलाय. दुसरा कोण कोटेशन देणार?"

"बरं, पुस्तकांवर सूट मिळते. तुम्ही काय सोडणार?"

"शेवटची पाच मिनिटं सोडू?"

बाई खळखळून हसल्या. फाइलीवर 'एकमेव पुरवठादार' असे लिहून त्यांनी परवाना घेतला आणि वर कंदी पेढे हातावर ठेवले. मी उगाच बाह्या सरसावून गेले होते.

पुढे रहिमतपूरजवळ एसटी पंक्चर झाली. शेजारच्या निवृत्त सुभेदारांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. माझा धंदा ऐकून ते म्हणाले, "शिनिमा इकता, पर त्यो तुमचाच ऱ्हातो? लय भारी हाय की." परवाना म्हणजे काय, हे मला इतके सोपे करून कधी सांगता आले नव्हते. चटणीने मात्र डोळ्यांतून पाणी काढले.

सांगलीच्या कॉलेजचे प्राचार्य हळदीच्या अडत्यांच्या घरातले. चित्रपट त्यांनी सगळ्या स्टाफबरोबर पाहिला आणि खूश झाले. म्हणाले, "आम्हाला कायमचे सगळे हक्क द्या. त्या बाई रडतात तेवढा तुकडा प्रवेशाच्या जाहिरातीत घालू. खाली लिहू, 'शिका, म्हणजे ही वेळ येणार नाही.'"

माझे डोके सणकले. तोवर त्यांनी हसत आपल्या हातावर रुमाल टाकला होता. हळदीच्या सौद्यात पूर्वी असाच रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा, चारचौघांना कळू न देता. मी हात घातला. त्यांनी दाबलेल्या बोटांत माझा पुढचा चित्रपट सहज निघाला असता. हात क्षणभर तिथेच राहिला, हे खोटे कशाला सांगू?

मग मी रुमाल ओढून टेबलावर ठेवला. "सर, वर्गात दाखवायचा भाव मघाशीच सगळ्यांसमोर सांगितलाय. तुकड्याला भावच नाही."

"मॅडम, इतका ताठा बरा नव्हे."

"ताठा आहेच. तो परवान्याच्या भावातच धरलाय."

तिथून तडक हरिपूर गाठले. चिंचांच्या सावलीतून कृष्णा-वारणेच्या संगमाकडे जाणारा रस्ता सुंदर आहे, पण मी तो रागात चालले. शांताक्का अंगणात हळकुंडे निवडत होती. सगळे ऐकून तिने आधी भावच विचारला. मी सांगितल्यावर तिचा हात थांबला.

"आगं बया! येवढं? आन तू न्हाई म्हणालीस?"

"तुला शब्द दिला होता ना, आक्का."

तिने पुन्हा हळकुंडे निवडायला घेतली. मग म्हणाली, "माजा भाऊ सगळ्या गावाला हसवायचा. त्ये बी हाय न्हवं त्यात? आदी त्यो हसताना बगा म्हणावं, मग मी रडताना बगा. नुसतं रडनं कशाला नेतासा?"

परतीच्या एसटीत कराडच्या पुढे प्राचार्यांचा फोन आला. त्यांनी भाव आणखी वाढवला होता, आणि तुकडाही आता अर्ध्या मिनिटाचाच हवा होता. मी म्हटले, "सर, हसण्यापासून बघायचं असेल तर ठरल्या भावात या. नसेल तर सांगली सोडून महाराष्ट्रात कॉलेजं पुष्कळ आहेत."

मी फोन ठेवला. पुढचा चित्रपट कशातून करायचा, ते मला आजही ठाऊक नाही. पण हरिपूरला पुन्हा जाईन तेव्हा शांताक्काच्या अंगणात मला मान वर करून बसता येईल.