इगतपुरीचा अर्धा तास

१९५८च्या वैशाखात, बहिणीच्या लग्नाआधी, मुरबाडला एक रुपयाची पैज लागली. हजर मी, वडील आणि सापगावचे थोरले काका. मामा नागपूरहून विमानाने येणार होता, आणि मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण? मी हिशेब मांडला: सव्वाचारशे मैल, अकराला सुटणारं विमान अडीच तासांत सांताक्रूझला, पुढे टॅक्सीने तीन तास, मामा साडेचारला दारात, तेव्हा पाचचा मुहूर्त धरा. काका म्हणाले, “इगतपुरीचा अर्धा तास धरला नाय तू. तिथं इंजिन बदलल्याबिगर घाट उतरता येतो का रे?” “काका, ते विमान आहे, आगगाडी नाही. विमानाला कसला घाट?” “मंग काय डोंगराला भोक पाडून येतं? लाव रुपया, इंजिन बदलतं का नाय ते मामालाच विचारू!” वडिलांनी थोरल्या भावाचा मान राखून गोरज मुहूर्त धरला, मी चरफडलो. मामा घामाघूम होऊन पाच वाजून गेल्यावर आला. विमान नागपूरहूनच उशिरा सुटलं होतं. काकांनी त्याला मांडवाच्या दारातच अडवलं, “इगतपुरीला इंजिन बदललं ना?” वडीलधाऱ्यांना नाही म्हणायची मामाला सवयच नव्हती, तो म्हणाला, “हो, बदललं की.” मी काकांना एक रुपया मोजला, आणि त्यातले आठ आणे त्यांनी माझ्यादेखत मामाला खऱ्या साक्षीबद्दल दिले.