चौदा नाही, पंधरा

मध्य प्रदेशात, बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर ललिता मेश्रामचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचाच पुढचा खण. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि संध्याकाळी पाचनंतर खाली सतरंजीवर सात-आठ पोरं. नवरा हेमराज खाणीत कामाला. तो पाळीवरून परतला की मोटरसायकल बाहेरच लावतो, कारण दारात चपलांचा ढीग असतो.

पोरं येतात इतिहासासाठी. गणित-विज्ञानाच्या शिकवण्या बालाघाटात पुष्कळ आहेत, पण इतिहासाला कोण पैसे मोजणार? ललिताही मोजून घेत नाही. गंमत अशी की ती स्वतः दहावीला इतिहासातच आपटली होती. सनावळ्या डोक्यात राहायच्या नाहीत, बेचाळीसचं तिसाला आणि तिसाचं बेचाळीसला लिहून आली होती. पुढं लग्न झालं, शाळा सुटली ती सुटलीच.

मग कितीतरी वर्षांनी, मुलाचा अभ्यास घेताना, तिचं लक्ष गळ्यातल्या टेपकडं गेलं. एका बाजूला इंच, ते तिच्या धंद्याचे. दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर, एकशे पन्नास, नुसते पडून. तिनं टेपचं पहिलं टोक म्हणजे अठराशे सत्तावन्न धरलं आणि एका वर्षाला एक सेंटीमीटर. नव्वदवर लाल धाग्याची गाठ मारली, ते सत्तेचाळीस. त्र्याण्णववर निळी, ते संविधान. पंच्याऐंशीवर हिरवी, ते बेचाळीस. टेप जमिनीवर पसरला की कोण आधी, कोण मागून, मधे किती काळ गेला, सगळं डोळ्यांना दिसायला लागलं. मुलगा पास झाला. शेजारची पोरं आली. ललिता समजावायची आपल्या बोलीत, पोरं लिहायची हिंदीत, कारण शाळा हिंदी. दोघांचंही काही अडत नव्हतं.

त्यातलीच एक रचना रामटेके, नववीतली. ऑक्टोबरात तिला गृहपाठ मिळाला : आपल्या कुटुंबाशी जोडलेली एक ऐतिहासिक घटना लिहा. रचनानं टेपवर नव्याण्णव शोधलं, म्हणजे एकोणीसशे छप्पन्न. तिचे पणजोबा महागू रामपायलीकडचे. चौदा ऑक्टोबरला त्यांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली, हे तिच्या घरी दरवर्षी सांगितलं जायचं. त्याखाली तिनं आपल्या मनानं एक ओळ जोडली. दीक्षेला तीन आठवडे होत नाहीत तोच राज्यांच्या नव्या सीमा पडल्या, नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं आणि आपण इकडं मध्य प्रदेशात राहिलो. ललितानं ती ओळ दोनदा वाचली आणि शाबासकी दिली.

वही परत आली ती पानभर लाल रेघ घेऊन. पाचापैकी शून्य. सरांनी वर्गात विचारलं होतं की हे कोणी सांगितलं. रचनानं टेलरिंगवाल्या काकूंचं नाव घेतलं. दहावी नापास बाईकडून इतिहास शिकतेस का, असं सर म्हणाले आणि वर्ग हसला. त्यानंतर तीन दिवस रचना दुकानाकडं फिरकली नाही. चौथ्या दिवशी तिची आई ब्लाउज टाकायला आली, तेव्हा ललिताला हे कळलं.

हेमराजचं म्हणणं, जाऊ दे, पोरीला त्याच शाळेत शिकायचं आहे. ललितानं मशीनवरचं काम तसंच सोडलं, साडी बदलली आणि स्कूटी काढली.

शाळेत सर तिच्याशी नीटच बोलले. बसायला खुर्ची दिली. पण त्यांचं म्हणणं ठाम होतं : इतिहास म्हणजे घरच्या गोष्टी नव्हेत. “सबूत कहाँ है?” त्यांनी विचारलं. ललिता म्हणाली की घरातलीच घटना विचारली होती, पोरीनं तीच लिहिली. बाकी कोणाच्या वहीत पुरावा मागितला का? मग तिनंच विचारलं, पुरावा म्हणजे काय आणला तर चालेल. तिथं असलेला कोणी माणूस मिळाला तर बघू, असं सर म्हणाले. बहुधा असा कोणी मिळणार नाही, या हिशेबानं.

रविवारी ललितानं रचनाला स्कूटीवर मागं बसवलं आणि दोघी रामपायलीकडं निघाल्या. धान कापणीला आलं होतं. तीन गावं विचारत फिरल्यावर चैतराम नावाच्या म्हाताऱ्याचा पत्ता लागला. छप्पन्न साली तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि बापाबरोबर नागपूरला गेला होता. ऐकू कमी येत होतं, पण महागूचं नाव निघताच तो खाटेवर सरळ बसला.

“चौदाले नाही बाई, पंधराले,” तो म्हणाला.

रचनाला वाटलं, म्हातारा विसरला असेल. ललितानं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून परत विचारलं. चैतरामनं सावकाश सांगितलं. बालाघाटहून छोट्या गाडीनं सगळे गोंदियाला उतरले. स्टेशनात मुंगीला शिरायला वाट नव्हती. त्या रेटारेटीत त्याच्या पायावर लोखंडी पेटी पडली आणि त्याला उभं राहवेना. बाप आणि बाकीचे गर्दीबरोबर गाडीत चढून गेले होते. महागू तेवढा खाली उतरला. रात्रभर पोराजवळ बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन नागपूरला पोचला. तोवर चौदाचा सोहळा आटोपला होता. जे मागं राहिले होते त्यांना पंधराला दीक्षा मिळाली, त्यांत हे दोघं होते.

“माह्याच पायी त्याचा तो दिवस हुकला,” चैतराम म्हणाला. “पण त्यानं कधी बोलून नाही दाखवलं.”

घरी आल्यावर रचनानं सांगून टाकलं की वहीत चौदाच राहू दे. आजी चौदा म्हणते, बाबा चौदा म्हणतात, पंधरा लिहिलं तर सरांना हसायला आणखी एक कारण. तिच्या बाबांचंही तेच मत पडलं, उगाच कशाला खोदून काढायचं.

ललिता त्यांच्या अंगणात उभी राहिली. “दादा, चौदाले तर लाखो लोक होते,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या पोरासाठी खाली उतरणारा तुमचा आजा होता. हे काहून लपवता?”

रचनानं वही उघडली आणि चौदा खोडून पंधरा लिहिलं. मग सगळी हकिकत नव्यानं लिहिली, चैतरामचं नाव, गाव आणि वय टाकून.

सोमवारी ललिता तिच्याबरोबर शाळेत गेली. सरांनी वही वाचली आणि मोबाइलवरचं बोलणं पूर्ण ऐकलं. तारीख बदललेली पाहून त्यांनी विचारलं, ही चूक तुम्हीच शोधली का. ललिता म्हणाली, हौ. त्यांनी पाचापैकी चार दिले. एक गुण हिंदीच्या शुद्धलेखनाचा कापला. ललितानं चुका मोजून घेतल्या. त्या होत्या, म्हणून तिनं वाद घातला नाही.

पण ती उठलीही नाही. पोरीला वर्गासमोर बोललात, आता हेही वर्गासमोर वाचायला सांगा, असं तिनं सरांना शांतपणे सांगितलं. सरांनी घड्याळ पाहिलं, तास संपत आल्याचं सांगून पाहिलं. मी थांबते, असं ती म्हणाली. शेवटी रचना फळ्यापुढं उभी राहिली. पहिल्या दोन ओळींना आवाज फुटत नव्हता. गोंदियाच्या स्टेशनापर्यंत आली तेव्हा मागच्या बाकांपर्यंत ऐकू जाऊ लागलं. ललिता दाराबाहेर उभं राहून शेवटपर्यंत ऐकत होती.

ही बातमी भरवेलीत फिरली. आता सतरंजीवर बारा-तेरा पोरं बसतात. अधूनमधून कोणीतरी शहाणं माणूस ललिताला सुचवतं की ओपन बोर्डाचा फॉर्म भर, दहावी करून टाक, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको.

“मले वाटन तवा देईन परीक्षा,” ती म्हणते. “कोणाचं बोट खाली करासाठी नाही देणार.”