कडीरावांची तीन कुलपं

कडीराव या ऑफिसात पहिल्यांदा आले, त्या दिवशी मॅडमच्या केबिनचं दार कामातून गेलं. मुलाखतीला आत शिरल्यावर त्यांनी दार लावलं. नीट लागलं का बघायला ओढलं. ओढल्यामुळे ते उघडलं, म्हणून पुन्हा लावलं. मॅडमनी "बसा" म्हणेपर्यंत त्या दाराची जन्मभराची उघडझाप उरकली होती, आणि शेवटच्या ओढीला पितळी मूठ मुळासकट कडीरावांच्या हातात आली. बाहेर सगळं ऑफिस, आत मॅडम, आणि समोरच्या खुर्चीत मूठ कुरवाळत बसलेले कडीराव! सुतार येईपर्यंत मुलाखत चालू राहिली. शिक्षण संपलं, अनुभव संपला, छंद संपले, मॅडमच्या पाठदुखीचा साद्यंत इतिहास झाला, तरी सुताराचा पत्ता नाही. अखेर बोलायला काहीच उरलं नाही, तेव्हा मॅडमनी नोकरी दिली. तात्पुरती.

नाव अर्थातच त्याच दिवशी पडलं.

कंपनी लिफ्ट दुरुस्त करणारी. कडीरावांकडे तिथले सगळे कॉम्प्युटर आले. माणूस हुशार, पण स्वस्थता म्हणून नाही. खुर्चीत बसले की पाय हलणार, पाय थांबले की बोटं वाजणार, बोटं थांबली की उठून आपण खणाला कुलूप लावलंय ना ते बघून येणार. याच चुळबुळीपायी आधीच्या नोकऱ्या सुटल्या होत्या. त्यामुळे बायकोनं बजावलं होतं, "या वेळी पक्का होऊनच घरी ये. नाहीतर दाराबाहेर बसून कडीच तपासत राहा."

आणि पक्कं होण्याची संधी चालून आली. ऑफिसच्या मेलची जागा भरली. लिफ्ट अडकल्याची तक्रार आली, तरी ती दारातूनच परत जायला लागली. मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाची जुनी मेल ज्याच्या-त्याच्या वेगळ्या फाइलीत काढा. कॉम्प्युटर सगळे मिळून वापरतात, तेव्हा प्रत्येक फाइलीला पासवर्ड हवा. हे धड झालं तर पक्कं करते तुम्हाला."

दुसरा कोणी असता तर एकेका कॉम्प्युटरपुढे बसून हातानं फायली करत बसला असता. बसणं कडीरावांना जमत नसल्यामुळे त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम एकेक नाव घेणार, त्या नावाची फाइल तयार करणार, आत तक्रारी, बिलं, इतर असे कप्पे पाडणार, मनानंच एक पासवर्ड रचून लावणार, तो छापून चिठ्ठी काढणार आणि शेवटी कुलूप नीट लागलंय का ते तपासणार. आधी स्वतःच्या फाइलीवर, स्वतःच ठरवलेला पासवर्ड घालून, त्यांनी करून बघितलं. झकास उघडली! मग सगळ्यांच्या फायली झाल्या, जुनी मेल त्यांत गेली, मूळ जागा रिकामी झाली. घरोघरी किल्ल्या वाटाव्यात तशा कडीरावांनी टेबलोटेबली चिठ्ठ्या वाटल्या.

सोमवारी हिशेबनीस काकांनी चिठ्ठी बघून पासवर्ड घातला. फाइल उघडेना.

"कडीराव, ही किल्ली माझी की शेजाऱ्याची?"

"काका, अक्षरं बघून घाला हो."

"बघूनच घालतोय. चष्म्यावर चष्मा चढवू काय आता?"

तोवर रिसेप्शनवरच्या ताईची हाक आली, मग मेकॅनिक लोकांची. एकाचीही फाइल उघडत नव्हती. कडीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या कंपनीची जुनी मेल त्यांनी स्वतःच्या हातांनी कोंडली होती, आणि तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत उघडली तर ठीक. नाहीतर येताना काढलेली मूठ जाताना टेबलावर ठेवून जा."

कडीरावांनी प्रोग्रॅम वरून खाली वाचला, खालून वर वाचला. पाणी प्यायले. जिना उतरले, चढले, पुन्हा पाणी प्यायले. शेवटी जिन्यातूनच बायकोला फोन लावला.

"काहीही चुकलं नाहीये गं! प्रोग्रॅम कुलूप लावतो, मग लागलं का तपासतो. घराच्या दाराला मी करतो ना, अगदी तसंच."

"तू कुठे तपासतोस? तू कुलूप काढतोस नि परत लावतोस. असं तीनदा. शेजारच्या काकू रोज खिडकीतून बघून हसतात."

कडीराव पायरीवर मटकन बसले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वस्थ बसले असावेत.

तेच झालं होतं. तपासण्याच्या जागी त्यांनी कुलूप लावण्याच्याच ओळी चिकटवल्या होत्या, त्याही दोनदा. चिठ्ठी निघायची पहिल्या कुलपाची, आणि प्रोग्रॅम ते काढून नवं लावायचा, तेही काढून तिसरं. ती तिसरी किल्ली कुठेही लिहिलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या फाइलीला तिन्ही वेळा तोच पासवर्ड लागला, म्हणून चूक दिसलीच नाही.

चूक सापडली, किल्ली मात्र गेली ती गेलीच. त्यांनी इंटरनेटवर विचारलं, असल्या फाइलीचा पासवर्ड हरवला तर काय करावं? एक फुकटचा प्रोग्रॅम मिळाला. काकांची फाइल त्यात टाकून, आता याला रात्र लागणार असं म्हणत ते पाणी प्यायला उठले. उठून उभे राहतात तोच फाइल उघडली.

त्यांनी दुसरी टाकली. उघडली. तिसरी टाकली. तीही उघडली. जीव भांड्यात पडायला हवा होता, तो नुसता भांड्याभोवती घिरट्या घालत राहिला. नोकरी वाचली होती, पण कुलूप कुठे होतं? तीन-तीनदा लावूनही फुंकरीनं उघडणारं! त्या दिवशी चहाच्या वेळी सगळं ऑफिस "उघडली, उघडली" म्हणून टाळ्या पिटत होतं आणि कडीराव एकटेच सुतकी चेहऱ्यानं येरझाऱ्या घालत होते. सांगावं तर मॅडम म्हणतील कामच फसलं, न सांगावं तर झोप येणार नाही. झोप तशीही येत नसे. ते केबिनमध्ये गेले, दार लावलं, मुठीला हात न लावता बसले आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी विचारलं, "म्हणजे ते कुलूप नाहीच?"

"आहे मॅडम. दिसायला."

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग तुम्हाला पक्कं करण्यावाचून इलाज नाही. बाहेर जाऊन बोललात तर?"

घरी ही बातमी ऐकून बायकोनं विचारलं, "आता तरी दार एकदाच लावशील?" कडीराव हो म्हणाले आणि गॅस बंद आहे का ते बघायला गेले.

कडीरावांनी प्रोग्रॅम दुरुस्त केला, नव्या चिठ्ठ्या वाटल्या, आणि लोकांनी त्या कॉम्प्युटरच्या पडद्यालाच चिकटवल्या. पुढच्या वर्षी कंपनीनं भरपूर जागा असलेली नवी मेल घेतली. जुन्या फायली एका डिस्कवर टाकल्या. ती डिस्क कडीरावांच्या खणात आहे. खणाची किल्ली हरवल्यामुळे खण उघडाच असतो. डिस्क अजून कोणी मागितलेली नाही.