ओल्या भिंतीवरचे भुंगेरे

वडिलांची जयपूरला बदली झाली आणि आम्ही आदर्श नगरमधल्या एका नव्याकोऱ्या घरात भाड्याने राहायला आलो. गिलावा अजून पुरता वाळला नव्हता. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते.

पंधरा दिवसांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर तपकिरी ठिपके चालताना दिसू लागले. तिळाहून बारीक भुंगेरे. मग ते पिठाच्या डब्याच्या झाकणावरही आले. शेजारच्या जुन्या घरात राहणाऱ्या घरमालकीणबाई ते बघून म्हणाल्या, "बहनजी, आपके चावल में ही कीड़ा होगा."

आईचे कान लाल झाले. गावाहून आणलेला तांदूळ तिने अंगणात पसरला, दोनदा चाळला, डबे उकळत्या पाण्याने धुतले. भुंगेरे भिंतीवर तसेच.

"माझ्या तांदळात एकही निघाला नाही," ती मला म्हणाली. "मग हे खातात तरी काय? कॉलेजात जातेस ना? शोधून काढ."

मी पाच-सहा भुंगेरे होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरून नेले. प्राणिशास्त्राच्या सरांना वेळ नव्हता. तीन दिवस मी तास संपल्यावर प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिले. चौथ्या दिवशी त्यांनीच बाटलीसाठी हात पुढे केला. सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहून म्हणाले, "ये अनाज नहीं खाते. फफूंद खाते हैं. आपकी दीवार गीली है, उसे सुखाइए."

आईने त्याच दुपारी कपाट ओढलं. मागे हातभर काळपट हिरवी बुरशी, म्हणजे सरांची 'फफूंद'! तिने मालकीणबाईंना बोलावून आणलं. "देखिए बहनजी, चावल नहीं, भिंत खराब है."

बाई ओशाळल्या, तरी भिंत वाळवायला खिडक्या उघडायचा विषय निघताच म्हणाल्या, "खिड़कियाँ खोलेंगी तो रेत आएगी."

"आने दो. झाडू है मेरे पास."

सगळा हिवाळा आमच्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या होत्या. रोज सकाळी आई बुरशी खरवडायची, भिंतीपुढे शेगडी ठेवायची. भाकरीत वाळू कचकचायची. वडील थंडीने कुरकुरले, तर तिने त्यांनाच स्वेटर आणून दिला. होळीच्या सुमाराला शेवटचा भुंगेरा दिसला, मग एकही नाही.

पुढच्या वर्षी मालकीणबाईंनी मागे एक खोली बांधली. भाडेकरू ठेवण्याआधी त्या आईला बोलवायला आल्या. आईने चारही भिंतींना तळहात लावून पाहिला.

"और एक महीना," ती म्हणाली, आणि बाईंनी खोली महिनाभर रिकामी ठेवली.